मागे राहणारे आबा

आबा आमच्याबरोबर परतीच्या गाडीत कधीच बसले नाहीत. जाताना असायचे. पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत खिडकीशी जागा धरायचे, तपकिरीची डबी उघडायचे आणि आमच्या घोषणांची तालीम ऐकून तोंड वाकडं करायचे. मग सभा व्हायची, मिरवणूक निघायची, हार घातले जायचे, घसे बसायचे. संध्याकाळी आम्ही सगळे स्टेशनावर जमायचो, तेव्हा आबा नसायचे. पहिल्या खेपेला मी त्यांना शोधायला गावात परत धावलो. एका ओट्यावर जोडे काढून, पाय पसरून ते निवांत बसले होते. "आबा, गाडी आली!" मी ओरडलो. ते जागचे हलले नाहीत.

"तुमनी गाडी उनी, तुम्ही चाला. सभा सरनी. आते काम सुरू व्हई."

सभा संपली, आता काम सुरू होईल! मी तेव्हा विशीतला. धुळ्याच्या छापखान्यात पत्रकांची मुद्रितं तपासता तपासता अस्पृश्यता निवारणाच्या चळवळीत आलेला. सभा हेच काम, अशी माझी समजूत होती. म्हाताऱ्याला आपल्यापेक्षा वेगळं दिसायची हौस आहे, असं म्हणून मी गाडी धरली.

आबा धरणगावचे. घरी कपाशीची शेती, ती भाऊबंद बघायचे. इंग्रजांच्या काळात तुरुंगात जाऊन आले होते. त्यांच्याबरोबर आत गेलेली मंडळी स्वराज्य आल्यावर कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसली. आबांना खुर्ची मिळाली नाही, कारण त्यांचं कुणाशी पटायचं नाही. मी त्यांना संत म्हणून रंगवणार नाही. ते तापट होते, हेकट होते, दुसऱ्याचं भाषण रंगात आलं की मुद्दाम मोठ्याने शिंकायचे. धोतराला नीळ जास्त झाली म्हणून परटाशी भर बाजारात भांडायचे. आमच्या समितीने त्यांना सल्लागार केलं होतं; म्हणजे त्यांचा सल्ला घ्यायचा नाही, असं सर्वांनी मिळून ठरवलं होतं. पाठीमागे त्यांना 'मुक्कामी आबा' म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं, तर म्हणाले, "बरं नाव शे. तुमले काय म्हनो मी? टपाल! थैला फेका, गाडी चालनी."

मुक्कामात ते काय करायचे, हे मी पुढे पाहिलं. फारसं काहीच नाही. ज्याने सभेत उभं राहून तक्रार सांगितली, त्याच्या घरी जायचे. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतलं का, दुकानदाराने तेल दिलं का, विहिरीवर कोण काय बोललं, एवढं विचारायचे. बोलणारा बोलला नाही, तर तपकीर ओढत बसून राहायचे. कुणी त्रास दिला असेल, तर त्या त्रास देणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि त्याचा चहा पिऊन त्यालाच शिव्या द्यायचे. असे चार-आठ दिवस काढून, गाव पुन्हा आपल्या चालीने चालू लागलं की धरणगावला जायचे.

माझ्या पत्रकांशी त्यांचं वैर होतं. मी लिहीत असे, आणि चांगलं लिहीत असे, हे आजही सांगतो. 'आम्ही हे सहन करणार नाही! आम्ही छातीचा कोट करू!' मजकूर छापायला जाण्याआधी आबा तो हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि तपकिरीने पिवळं पडलेलं बोट बरोबर एका शब्दावर ठेवायचे.

"ह्या 'आम्ही'मा कोन कोन शे? माले नावे सांग."

"आबा, पत्रकात नावं घालत नसतात. आम्ही म्हणजे जनता."

"जनता कोठे राहस? धुळाले का जळगावले?"

"सगळीकडे!"

"मंग मार कोन खाई?"

मी चिडायचो. आपली भाषा एवढी चतुर, की बोलणाऱ्याने समोरच्याला सोबत घेतलं तर 'आपण' आणि बाहेर ठेवलं तर 'आम्ही'. म्हटलं, आबा, तुम्हाला हवं तर सगळीकडे 'आपण' करतो. त्यावर ते म्हणाले, "'आपन' लिखानं व्हई तं आगोदर इचारनं पडी. इचारं का त्यासले?" ज्यांना आपल्यात धरलंस त्यांना विचारलंस का, असा सवाल. छापखान्यात टंक जुळवून ठेवलेला, कागद कापून ठेवलेला, आणि हा माणूस विचारायला पाठवतो! पत्रक 'आम्ही'सकट छापलं गेलं.

आता कपबश्यांचं सांगतो. पहूरजवळच्या एका गावात मोटारी थांबायच्या तिथे एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची छपरी, एक भट्टी, दोन बाकं. आत गावचे लोक बशीत ओतून चहा प्यायचे. बाहेर खांबाला खिळे ठोकले होते आणि त्यांवर कान तुटलेले कप लटकत असायचे. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाने त्यातला कप आपल्या हाताने काढायचा, पुढे करायचा, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून प्यायचा, कप विसळायचा आणि परत खिळ्याला लावायचा. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा नुकताच झाला होता, आणि खांबावर कप लटकतच होते. हे पाहून ज्याचं रक्त उसळणार नाही, तो माणूस नव्हे. आबांचंही उसळलं होतं. ते कप फोडायचे, यावर आमच्यात कधीच दुमत नव्हतं. भांडण झालं ते कधी फोडायचे यावरून.

समितीच्या चिटणीसांनी दिवस ठरवला तो आखाजीच्या तोंडावरचा. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. पण शेतावर राबणाऱ्याला आखाजी म्हणजे वर्षाचा उंबरठा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. ज्याला त्या दिवसांत मालकाने ठेवलं, तो वर्षभर पोटाला लागला. ज्याला ठेवलं नाही, तो पुढच्या आखाजीपर्यंत उघड्यावर. त्या वस्तीतली बहुतेक पुरुषमाणसं गावात सालदार होती.

आबा समितीच्या बैठकीत उभे राहिले. "कप फोडाच. मी पहिला फोडसू. पन आखाजी व्हऊ द्या. त्यासनं साल ठरू द्या."

चिटणीस म्हणाले, "आबा, मुंबईचे पाहुणे येणार आहेत. आखाजीनंतर ते मोकळे नाहीत."

"पाहुना मोकळा नही, म्हनीसन सालदार मोकळा व्हई!"

बैठकीत हशा पिकला. आबांना हशा नको होता. त्यांनी एकेकाकडे बघून विचारलं, "नाना, तुमना सालदार ठरना का? भाऊ, तुमना?" चिटणीसांनी पुढचा विषय घेतला. आणि इथेच माझा संताप आजही थांबत नाही. ही मंडळी काही परमुलखातून आली नव्हती. सगळी इथल्याच मातीतली, घरी बैल, घरी सालदार. आखाजी त्यांना ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? चिटणीसांच्या स्वतःच्या ओट्यावर त्याच आठवड्यात नव्या सालाची सुपारी फुटली होती. माहीत होतं, आणि तरी दिवस तोच ठरला. कारण पाहुणे तेव्हाच मोकळे होते.

कार्यक्रम जोरात झाला. ऊन असं, की छपरीच्या पत्र्याला हात लागला तर भाजावं. वस्तीतला सुकदेव नावाचा तरणा सालदार पहिल्यांदा छपरीत आला, बाकावर बसला आणि गावाच्या कपातून चहा प्याला. कप रिकामा होईपर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही. तो क्षण मोठा होता. तो कुणी माझ्याकडून हिरावून घेऊ नये, आबांनीसुद्धा नाही. मग पाहुण्यांनी खिळ्यावरचे कान तुटलेले कप काढून दगडावर आपटले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, साहेब, डोळे मिटले होते, आणखी एकदा होऊ द्या. खिळ्यावरचे कप तर संपले होते. तेव्हा चिटणीसांनी हॉटेलवाल्याकडून आतला एक चांगला, कानासकट कप मागून घेतला आणि पाहुण्यांनी तो फोडला. वर्तमानपत्रात आला तो फोटो त्या चांगल्या कपाचा. भट्टीजवळ उभे असलेले आबा तेव्हा एवढ्या जोरात शिंकले, की पाहुणे दचकले.

आम्ही गाडी धरली. आबा राहिले.

आखाजी झाली आणि वस्तीतल्या एकाही माणसाचं साल ठरलं नाही. सुकदेव ज्या पाटलांकडे पोरवयापासून राबला, त्या पाटलांनी त्याला ओट्यावरून सांगितलं, "तू आता बाकावर बसनारा मानूस. तुले मी औत धर कसं म्हनू?" बाहेरगावचे सालदार आणले गेले. पेरणीला बायकांना बोलावणं नाही, निंदणीला नाही, कपाशी फुटली तरी वेचणीला नाही. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याने वस्तीचं दळण घेणं बंद केलं. कुणाला मारहाण नाही, कुणाचं घर जाळलं नाही. सगळं कसं शांत! आबा पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा जमादार म्हणाला, "आबा, कायदा चहाचा आहे. सालदारकीचा नाही. चहा नाकारला का कुणी?" कुणी नाकारला नव्हता. चहा प्यायला जाण्याइतकं कुणाकडे काही उरलंच नव्हतं.

या वेळी आबांचा मुक्काम चार-आठ दिवसांचा झाला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ते वस्तीतच. वस्तीचं दळण डोक्यावर घेऊन स्टेशनावर यायचे, गाडीने पाचोऱ्याला जायचे, दळून आणायचे. धरणगावहून स्वतःच्या घरची ज्वारी आणवली, त्यावरून भावांशी कायमचं बिनसलं. समितीला निरोपावर निरोप पाठवले: या, बसा, काहीतरी करा. समितीने निषेधाचा ठराव केला. मी पत्रक लिहिलं. ते घेऊन एकदा मीच वस्तीत गेलो, तर आबा सुकदेवच्या दारात दगडांची चूल मांडून भाकरी थापत होते, आणि सुकदेवची बायको द्रुपदा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आबा, ही भाकर हाये का नांगरटीतलं ढेकूळ?"

"तुले काय करनं? मी खासू."

"खासान अन् पोट दुखलं म्हनजे काढा मलेच करा लागंन."

नंतर कळलं, की पहिले काही महिने आबा वस्तीत घरोघर पाळीने जेवत. एक दिवस द्रुपदानेच तोंडावर सांगितलं होतं, की आबा, तुम्ही आमच्यासाठी राहता हे खरं, पण तुमची भाकर आमच्याच पिठातून निघते. त्या दिवसापासून ते स्वतः थापू लागले. हे मला आबांनी सांगितलं नाही. असं काही ते सांगायचे नाहीत, कारण त्यात त्यांची फजिती होती.

पुढची आखाजी जवळ आली, तेव्हा पाटलांचा निरोप वस्तीत आला. औंदा साल ठरवायला गाव तयार आहे. वेचणीला बायकाही बोलावू, गिरणीवाल्यालाही सांगू. अट एकच: आखाजीच्या आधी तो धरणगावचा म्हातारा वस्तीतून गेला पाहिजे.

मी त्या दिवशी तिथे होतो. सकाळच्या वेळी वस्तीतली माणसं लिंबाखाली जमली. सुकदेव मातीत काडीने रेघा ओढत बसला. निरोप आबांच्या कानावर आधीच गेला होता, तरी कुणीतरी तोंडाने म्हणेपर्यंत ते ऐकायला तयार नव्हते. शेवटी द्रुपदा पुढे आली.

"आबा, राग मानू नका. तुम्ही हायेत तोवर गाव वाकडं हाये."

"गाव वाकडं शे म्हनीसन तं मी शे!"

"तुम्ही बरोबर हायेत. पन मले दोन लेकरं हायेत."

मी मध्ये पडलो. खवळून म्हणालो, की ही शरणागती आहे. वर्षभर सोसलं ते यासाठी का? आणखी एक वर्ष टिका, पाटलाला नमावंच लागेल. द्रुपदा माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"भाऊ, तुम्ही टिकसान का इथं एक वरीस? आबासारखं?"

आबांनी हाताने मला गप्प केलं. ते बराच वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिले, पण उघडली नाही. मग झोपडीत जाऊन त्यांनी धोतर, सदरा, तांब्या असं गाठोड्यात बांधलं. सुकदेव ते उचलायला पुढे झाला, तर खेकसले, "मनासंगे दिसू नको. बठ खाले!" माझ्याबरोबर दिसू नकोस, असं. भर उन्हात पाचोऱ्याच्या रस्त्याला एकटे लागले. मी मागे धावलो, तर मलाही हाकललं. वस्ती आपापल्या दारांत उभी होती. कुणी हाक मारली नाही. मारली असती, तर गावाला ऐकू गेली असती.

त्यानंतर आबा धरणगावच्या घरात, ज्या भावांशी बिनसलं होतं त्यांच्याच पडवीत, खाटेवर राहिले. मी जायचो. शरीर आटत चाललं होतं, जीभ मात्र तशीच. माझं नवं पत्रक दाखवलं की तोंड फिरवायचे. एकदा मात्र त्यांनीच विचारलं.

"सुकदेव लागना का?"

"लागला. पाटलांकडेच."

"मंग बरं." थोड्या वेळाने, छताकडे बघत, "अन् कप?"

मी खोटं बोलणारा नव्हे. म्हटलं, हॉटेलवाल्याने नवे आणले, कान तोडून त्याच खिळ्यांना लावले. सुकदेव त्यातूनच पितो.

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. पडवीबाहेर कुणीतरी सरकी खाली करत होतं, तिचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "मी तठे राहिनू, ते त्यासनाकरता का मनाकरता, हाई माले समजनं नही." तिथे राहिलो ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हेच कळलं नाही, असं.

मी तेव्हाच सांगितलं आणि आजही सांगतो, की हा सवाल त्यांनी स्वतःला विचारायचा नव्हता. जे गाडीत बसून गेले, ज्यांचे फोटो आले, ज्यांनी चांगला कप मागून घेऊन फोडला, त्यांनी तो स्वतःला एकदाही विचारला नाही. त्यांना रात्री झोप लागते. झोप उडाली ती ज्याने दळण वाहिलं त्याची. पण आबांना माझं हे बोलणं पटलं नाही. "तू फकस्त चिडस," ते म्हणाले. तू नुसता चिडतोस. त्यांनी माझ्याबद्दल काढलेला तो शेवटचा शब्द, आणि तो खोडायला मला अजून जमलेलं नाही.

त्या पावसाळ्यात आबा गेले. जळगावला समितीने शोकसभा घेतली. चिटणीस गहिवरले, मुंबईच्या पाहुण्यांची तार आली, सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, आबांचा मुक्काम! त्यांच्या हयातीत ज्याची टिंगल केली, तोच आता त्यांचा अलंकार झाला. ठराव झाला, की वस्तीच्या तोंडाशी आबांच्या नावाचा दगड उभारावा. दगड घडवून आला. मी हटून बसलो, की उभारण्याआधी वस्तीला विचारलं पाहिजे. दगडासाठी काय विचारायचं, म्हणून चिटणीस हसले. तरी मी गेलो.

द्रुपदा वेचणीवरून परत येत होती, ओच्यात कापूस होता, केसांना कापसाचे धागे चिकटले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. दगडावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मग डोळ्यांना पदर लावला. आबांसाठी मी पाहिलेलं पहिलं खरं रडणं ते. रडून झाल्यावर म्हणाली,

"भाऊ, इथं नका लावू. रातून कोनी फोडंन, अन् सकाळी गाव आमालेच इचारंन, कोनं फोडला म्हून. मंग पुन्हा आबा कुठून आनू?"

मी तिचं बोलणं समितीत जसंच्या तसं सांगितलं. थोडी चुळबुळ झाली, दोघातिघांनी वस्तीच्या कृतघ्नपणाबद्दल खेद व्यक्त केला, आणि विषय संपला. दगड आता जळगावला समितीच्या कचेरीत, दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवला आहे. आबांच्या नावाखाली 'दीनदुबळ्यांचे कैवारी' असं कोरलेलं आहे. पावसाच्या दिवसांत बैठकीला येणारी मंडळी आपल्या ओल्या छत्र्या त्याला टेकवून आत जातात.